भिंतीलगतच्या छोट्या पट्टीत गुलाब कोणते आणि कसे लावू?

कुंडीवाली, सातारा
घराच्या दक्षिण बाजूला भिंतीलगत 12 फूट लांब, 4 फूट रुंद जागा मोकळी झालीय. ऊन नऊ ते चार. माती काळी, पावसात पाणी साचतं. सासूबाईंना देवाला वासाची फुलं हवीत, मला फाटकातून रंग दिसायला हवेत. नर्सरीवाले म्हणतात दहा रोपं बसतील. बसतील का?

अंगणवाला
ताई, बसतील, पण लावू नका. दाटी झाली की पावसाळ्यात पानं वाळत नाहीत आणि काळे ठिपके येतात. मग झाड उघडं पडतं. मागे चार, पुढे तीन, एवढीच लावा.

आधी माती. काळ्या मातीत वाळू, तांबडी माती आणि कुजलेलं शेणखत मिसळून वाफा फूटभर उंच करा. गुलाबाला भूक चालते, पाय ओले चालत नाहीत. भिंतीचा तळ मात्र झाकू नका, ओल चढेल. मागची रांग भिंतीपासून दीड फूट सोडून, दोन रोपांत तीन फूट. पुढची तीन मागच्यांच्या मधल्या जागांसमोर.

मागे हायब्रीड टी, म्हणजे लांब दांड्यावर एकेक मोठं फूल येणारे गुलाब: ग्लॅडिएटर उंच जातो, तो एक घ्याच. वासासाठी डबल डिलाइट आणि पापा मेलाँ. पापा मेलाँ नाजूक आहे, फवारणी मागतो, पण त्या गडद लाल फुलाचा वास घेतला की सासूबाई दुसरं मागणार नाहीत. चौथा तुमच्या आवडीचा. पुढे आइसबर्ग: पांढरे झुबके, काटे कमी. फाटकातून तोच आधी दिसेल.

कलमाचा सांधा मातीच्या वर ठेवा. त्याच्या खालून आलेला फुटवा खुंटाचा, म्हणजे ज्या गुलाबावर कलम बांधलंय त्याचा असतो, तो मुळाशी ओढून काढायचा.

गच्चीवरची, नाशिक
छाटणीचंही सांगा ना. आमच्याकडे पाऊस सरला की ऑक्टोबरात करतात.

अंगणवाला
बरोबर. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (जिथून नवी फांदी फुटते त्या जागेच्या) वर तिरका काप द्या, म्हणजे झाडाचा मध्य मोकळा राहतो. साधारण दीड महिन्यात फुलं येतात. पहिल्या वर्षी नुसतं वाळकं आणि बारीक काढा.

कुंडीवाली, सातारा
आभार! सातच घेते. गुलकंदाचा गावठी गुलाब याच वाफ्यात चालेल का?

अंगणवाला
नको, तो पसरतो आणि बाकीच्यांचं ऊन अडवतो. उन्हातल्या एखाद्या कोपऱ्यात मोठ्या ड्रममध्ये लावा, तळाला भोकं पाडून. गुलकंद करायचा तर त्यावर कीटकनाशक मारू नका.