परीक्षा पास झाली म्हणजे देखरेख संपली का?

धागाकर्ती:
बीसीबीए (प्रमाणित वर्तन-विश्लेषक) व्हायला बीएसीबी या प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या नियमांनुसार २००० तास देखरेखीखाली काम करावं लागतं (देखरेख जास्त असेल तर १५००). परीक्षा पास झाली की ही सोबत एका दिवसात सुटते. लगेच हाती येतं स्वतःला मारून घेणारं मूल, थकलेले आईवडील आणि आपल्याहून जास्त वर्षं काम केलेले तंत्रज्ञ (आपली योजना मुलासोबत प्रत्यक्ष राबवणारे). माझं मत ठाम आहे. पहिली दोन वर्षं आठवड्यातला एक तास अनुभवी विश्लेषकाने नवख्याचं काम शेजारी बसून पाहावं, आणि तो तास पगारी असावा.

साधक:
असहमत. तो तास रांगेत थांबलेल्या मुलांच्या वाट्यातून जाणार. दर दोन वर्षांना ३२ सीईयू (पुढच्या शिक्षणाचे गुण) सक्तीचे आहेतच. आपल्या कुवतीबाहेरची केस घेऊ नये, हे आचारसंहितेतही आहे. अडलं तर विचारावं.

धागाकर्ती:
अडलंय हे कळलं तर विचारणार ना! माझ्या पहिल्या वर्षी एक मूल ओरडायचं. लक्ष वेधायला ओरडतंय असं मी ठरवलं आणि सगळ्यांना दुर्लक्ष करायला सांगितलं. खरं तर त्याला काम टाळायचं होतं, आणि आमच्या दुर्लक्षामुळे त्याला नेमकी सुटका मिळत होती. तीन आठवडे ओरडण्याचा आलेख चढत राहिला. एक वरिष्ठ वीस मिनिटं बसल्या आणि त्यांनी ते ओळखलं. ते तीन आठवडे त्या मुलाचे गेले, हे अजून सलतं.

सीईयूचं व्याख्यान ऐकून हे सुधारत नाही. तंत्रज्ञांना आपण सांगतो, करून दाखवतो, करून घेतो, मग फीडबॅक देतो. स्वतःच्या बाबतीत मात्र नुसतं ऐकणं पुरतं?

तिसरी बाजू:
देखरेख हवी, पण साहेबाची नको. जो पगारवाढ ठरवतो त्याच्यासमोर कोण चूक उघड करेल? मी तरी करत नव्हतो. मार्गदर्शक संस्थेबाहेरचा असावा. नवा बीसीबीए पहिल्या वर्षात प्रशिक्षणार्थींवर देखरेख करणार असेल, तर त्याने अनुभवी सल्लागाराला दरमहा भेटावं असा नियम आहेच. मग स्वतःच्या केसेससाठी का नाही?

साधक:
हा मुद्दा पटला. बाहेरच्या माणसाला मुलाची माहिती द्यायची तर पालकांची संमती लागेल, तेवढं धरून चला. दोन वर्षं मात्र अजूनही जास्त वाटतात. सहा महिने ठेवा, पुढचं त्याचं काम बघून ठरवा.