प्रवासी विमानतळावर खासगी वैमानिकाला सुरक्षा-बॅज कशासाठी?

प्रश्न (प्रतापनगर, नागपूर)

माझी भाची अमेरिकेत नोकरी करते आणि तिच्याकडे तेथील खासगी वैमानिकाचा परवाना आहे. तिने आणखी दोघांबरोबर घेतलेले चार आसनांचे सेस्ना विमान आजवर एका लहान विमानतळावर असे; तेथे फाटकावर आकडे दाबले की गाडी थेट हँगरपर्यंत नेता येई. आता ते विमान कंपन्यांची नियमित उड्डाणे असलेल्या विमानतळावर हलवायचे आहे आणि तेथील कार्यालयाने सुरक्षा-बॅजसाठी बोटांचे ठसे, पूर्वचारित्र्याची पडताळणी, प्रशिक्षण व शुल्क एवढे सगळे सांगितले आहे. सरकारनेच परवाना दिलेल्या व्यक्तीची पुन्हा तपासणी का? हा बॅज दुसऱ्या गावी चालतो का? उन्हाळ्यात आम्ही उभयता तिच्याकडे जाणार आहोत. आम्हाला विमानापर्यंत जाता येईल का?

उत्तर १

मी काही वर्षे अमेरिकेत हौशी वैमानिक म्हणून उड्डाणे केली आहेत, त्या अनुभवावरून लिहितो. परवाना एफएए, म्हणजे नागरी विमान वाहतुकीचे नियमन करणारी अमेरिकी सरकारी संस्था, देते आणि तो विमान चालवण्याच्या पात्रतेचा असतो. बॅज मात्र टीएसएच्या, म्हणजे तेथील वाहतूक सुरक्षा यंत्रणेच्या, नियमांनुसार त्या त्या विमानतळाचे व्यवस्थापन देते आणि तो केवळ त्या आवारात सोबतीशिवाय वावरण्याची मुभा असतो. त्यामुळे दुसऱ्या गावी तो चालत नाही. दोन प्रवासी विमानतळांवर नियमित काम असलेल्यास दोन बॅज, दोन शुल्के आणि दोनदा प्रशिक्षण, असे घडते. टीएसएचे हे नियम सुमारे 440 विमानतळांना लागू आहेत. उरलेले हजारो लहान विमानतळ त्यांत येत नाहीत, म्हणूनच आपल्या भाचीला आजवर हा अनुभव आला नाही.

हे सारे 2001 च्या हल्ल्यांनंतरच सुरू झाले, असे मात्र नाही. 7 डिसेंबर 1987 रोजी कॅलिफोर्नियात, नोकरीतून काढलेला एक कर्मचारी परत न घेतलेल्या ओळखपत्राच्या आधारे तपासणी चुकवून पिस्तुलासह पीएसए या विमान कंपनीच्या विमानात चढला आणि विमानातील सर्व 43 जण मृत्युमुखी पडले. ओळखपत्र कोणाकडे आहे याचा काटेकोर हिशेब का ठेवावा लागतो, हे या एका घटनेवरून कळते.

खासगी वैमानिकांवर मोठा भार पडला तो 2008 च्या अखेरीस टीएसएने काढलेल्या निर्देशामुळे. प्रवासी विमानतळावर विमान ठेवणाऱ्यांनाही पडताळणी व बॅज आवश्यक ठरला. निर्देशाचा मजकूर गोपनीय होता, म्हणजे ज्यांनी तो पाळायचा त्यांनाच तो वाचता येत नव्हता, आणि हे मला आजही अन्याय्य वाटते. वैमानिकांच्या एओपीए या संघटनेने आक्षेप घेतल्यावर 2009 मध्ये सुधारणा झाली आणि बाहेरगावाहून उतरलेल्या वैमानिकाला आपल्या विमानापाशी थांबण्याची व तेथून बाहेरच्या दारापर्यंत ये-जा करण्याची मोकळीक मिळाली. तरीही रात्री उशिरा उतरून एकदा फाटकाबाहेर पडले की आत घेणारे कोणी सापडत नाही, ही अडचण खरी आहे. उतरण्यापूर्वीच तेथील खासगी विमानांच्या सेवा-केंद्राला दूरध्वनी करून रात्रीची व्यवस्था विचारून घ्यावी.

उत्तर २

मी सोनेगावच्या विमानतळावर सुरक्षेशी संबंधित काम केले आहे. आपल्याकडेही परवाना म्हणजे प्रवेश नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळाच्या आतील भागात जाण्यासाठी नागरी विमान सुरक्षा ब्युरोचा, म्हणजे बीसीएएसचा, प्रवेश-पास लागतो, त्याआधी पूर्वचारित्र्याची पडताळणी होते आणि दारावर सीआयएसएफचे जवान पास तपासतात. 1978 मध्ये स्थापन झालेल्या या ब्युरोला, कनिष्क विमानाच्या घातपातानंतर, 1987 मध्ये स्वतंत्र विभागाचा दर्जा मिळाला. तिकडे प्रत्येक विमानतळ स्वतःचा बॅज देतो. येथे मात्र सूत्रे केंद्रीय यंत्रणेच्या हाती आहेत.

आपल्या भेटीविषयी: बॅजधारकाला पाहुणे सोबत नेण्याची परवानगी अनेक ठिकाणी असते, पण त्यांना सतत नजरेसमोर ठेवण्याची जबाबदारी त्याच्यावरच राहते. आपण दोघे तिच्यापासून दूर जाऊन छायाचित्रे काढत फिरलात, तर कारवाई तिच्यावर होईल. तसेच फाटकातून गाडी आत घेतल्यावर ते पूर्ण बंद होईपर्यंत तेथेच थांबावे लागते, कारण मागून दुसऱ्याची गाडी शिरली तर दोष आधी उघडणाऱ्याचा धरला जातो.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. विमान तिघांचे असल्यामुळे एकाच बॅजवर भागेल का?

उत्तर १

नाही. बॅज विमानाचा नसून व्यक्तीचा असतो आणि तो दुसऱ्याला वापरायला देणे हा गंभीर भंग मानला जातो. तिघांनीही विमान हलवण्यापूर्वीच अर्ज करावेत, कारण ठशांची तपासणी पूर्ण होईपर्यंत प्रत्येक वेळी बॅजधारकाची सोबत मिळवावी लागेल. बॅज हरवल्यास त्याच दिवशी कळवावे. हिशेब न लागलेल्या बॅजांचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की विमानतळाला सगळ्यांचेच बॅज नव्याने द्यावे लागतात, म्हणून हरवल्याचा दंड जबर असतो.