‘चरबी साचते’ म्हणावं की ‘मेदपेशी घडते’?

नमस्कार मंडळी. मी अमळनेर तालुक्यात शाळेत विज्ञान शिकवतो. गावातल्या मधुमेह शिबिरासाठी दोन पानांचं माहितीपत्रक लिहायला घेतलं आणि एका क्रियापदापाशी अडलो.

आमच्या भाऊबंदातल्या एक काकू रोज इन्सुलिन घेतात. त्यांनी पदर बाजूला करून बेंबीच्या डाव्या अंगाची गाठ दाखवली. लिंबाएवढी, मऊ, दाबली तरी दुखत नाही. दुखत नाही म्हणूनच दोन वर्षं त्या तिथेच सुई टोचत होत्या. माझ्या पत्रकात वाक्य होतं, ‘एकाच जागी इन्सुलिन घेतल्यास तिथे चरबी साचते.’ ते वाचून काकू म्हणाल्या, ‘भाऊ, मी तं तूपले हात बी लावत नही, मंग चरबी कशी साचनी?’ पुढच्या महिन्यात कळलं, त्यांनी कळण्याच्या भाकरीवर तेल घ्यायचंही सोडलं होतं. सुई मात्र तिथेच चालू होती.

चूक काकूंची नाही, माझ्या ‘साचते’ची आहे. डबक्यात पाणी साचतं, फळीवर धूळ साचते. बाहेरून येतं आणि पडून राहतं. काकूंनी तोच अर्थ घेतला, म्हणजे चरबी ताटातून आली. शरीरात घडतं ते निराळं. मेदपेशी ही जिवंत पेशी आहे. ती एका मूळपेशीपासून तयार होते, आणि त्याच मूळपेशीपासून हाड, कूर्चा किंवा स्नायूही होऊ शकतात. कुठल्या वाटेला जायचं हे ज्या संदेशांवर ठरतं, त्यांत संप्रेरकांचा (हार्मोनचा) मोठा वाटा असतो. मेदाच्या वाटेला लागलेल्या, पण अजून चरबी न भरलेल्या पेशीला मी ‘पूर्वमेदपेशी’ म्हणतो. म्हणून वाटतं, चरबी साठते, पण मेदपेशी घडते. ‘मेदनिर्मिती’ हा शब्द मी दोन्हींसाठी वापरलेला पाहिला आहे आणि तिथेच घोळ होतो. स्निग्ध पदार्थ तयार होणं वेगळं, तो ठेवणारी पेशी तयार होणं वेगळं.

धुळ्याहून, वैद्यकीय व्यवसायातून

सर, भेद बरोबर आहे, पण काकूंचं उदाहरण थोडं सरकवायला हवं. इन्सुलिनच्या गाठीत मुख्यतः तिथल्याच मेदपेशी फुगतात. इन्सुलिन त्यांना ‘साखर आत घ्या, चरबी बांधा, सोडू नका’ असं सांगत असतं, आणि टोचल्या जागी ते सांगणं रोज फार जोरात होतं. तेव्हा तिसरं क्रियापद हवं. पेशी घडते, पेशी भरते. या गाठीत भरणं जास्त.

घडण्याचं उदाहरण प्रयोगशाळेतलं देतो. 1970 च्या दशकात हॉवर्ड ग्रीन या शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत उंदराच्या भ्रूणापासून पूर्वमेदपेशींचं एक वाण, म्हणजे बशीत वाढत राहणारा पेशींचा वंश, तयार झालं, ते आजही जगभर वापरतात. बशीत या पेशी लांबट, चपट्या दिसतात. त्यांना इन्सुलिन, कॉर्टिसोलसारखं स्टेरॉइड आणि पेशीतला संदेश वाढवणारं आणखी एक औषध दिलं की आठ-दहा दिवसांत त्या गोल होतात आणि आत चरबीचे थेंब चमकू लागतात. चरबीला धरणारा लाल रंग दिला तर बशीच लाल दिसते. आत पीपार-गॅमा नावाचं प्रथिन जागं होतं आणि मेदपेशीची जनुकं चालू करतं. स्टेरॉइडच्या गोळ्या फार काळ घेतलेल्यांचा चेहरा गोल होतो, पोट आणि मानेमागचा भाग भरतो, हातपाय बारीक राहतात. त्यामागेही अशाच संप्रेरकाचा हात असतो.

आणखी एक. ‘घडते’ म्हणताना ते वाईटच असं पत्रकात येऊ देऊ नका. पायोग्लिटाझोन हे मधुमेहाचं औषध याच पीपार-गॅमाला चालना देतं. कातडीखाली नव्या, लहान मेदपेशी होतात, वजन वाढतं, तरी साखर सुधारते. चरबीला योग्य जागा मिळाली नाही तर ती यकृतात शिरते, ते जास्त घातक.

रावेरहून

आम्ही केळीवाले, आमच्याकडे हे दोन शब्द तयार आहेत. बुंध्याशी नवं पील फुटतं ते वेगळं आणि निसवलेला घड भरतो ते वेगळं. पील फुटणं म्हणजे घडण, घड भरणं म्हणजे साठवण. बायाबापड्यांना पत्रकात हेच सांगा, एका दमात कळेल.

नंदुरबारहून

मला ‘संप्रेरक’बद्दल बोलायचं आहे. लोक ‘हार्मोन’ म्हणतात, म्हणू देत. पण ‘संप्रेरक’ अवघड म्हणून टाकू नका. 1905 साली स्टार्लिंग या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी हॉर्मोन हा शब्द वापरात आणला, तो ‘चालना देणं’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून. आपल्या ‘प्रेर’मध्येही प्र आणि ईर् आहे, ईर् म्हणजे हलवणं, चालवणं. एवढी नेमकी जोडी क्वचित जमते. ‘सिग्नल’साठी मात्र ‘संकेत’ नको. मराठीत संकेत म्हणजे रूढी किंवा ठरलेली खूण. ‘इशारा’ म्हटलं की धोका वाटतो. ‘संदेश’ चालेल. मला तर ‘सांगावा’ आवडतो. सांगावा गावभर फिरला तरी ज्याच्या घरचा असतो तोच उठून निघतो. रक्तातून संप्रेरक सगळीकडे जातं, पण ज्या पेशीवर त्याचा ग्राही, म्हणजे तो सांगावा पकडणारं प्रथिन, असतो तीच हलते.

मूळ लेखक

डॉक्टरसाहेब, दुरुस्ती मान्य. गाठीसाठी ‘घडते’ काढतो, ‘फुगते’ घालतो. सांगावा आणि पीलही घेतले. ‘चरबी’ ठेवू का ‘मेद’? आपल्याकडे ‘चरबी चढली’ म्हणजे माज आला. बाईमाणसासमोर तो शब्द टोचतो, म्हणून शरीराबद्दल ‘मेद’च लिहीन. आणि तान्ह्या पोराच्या अंगावर हाच मेद आला की आपण कौतुकानं ‘बाळसं धरलं’ म्हणतो, तोही शब्द एका ओळीत येईल.

नवं वाक्य असं केलं आहे: ‘सुईच्या जागी इन्सुलिनचा सांगावा रोज मिळाला की तिथल्या मेदपेशी फुगून गाठ होते. हे तेलातुपामुळे होत नाही. गाठीत टोचलेलं इन्सुलिन नीट शोषलं जात नाही, म्हणून जागा रोज बदला.’

काल काकूंना वाचून दाखवलं. त्यांनी बोटानं पोटावर उजवीकडे चार जागा मोजल्या आणि विचारलं, ‘मंग तेल घेऊ ना भाकरीवर?’