मदत हवी आहे: मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात वेळेचा मेळ कसा बसवावा?

राम राम मंडळी. वसमतला माझं मोटार रिवाइंडिंगचं (म्हणजे पंपाच्या जळालेल्या मोटारीत तार पुन्हा गुंडाळून देण्याचं) आणि पंपाच्या सामानाचं छोटं दुकान आहे. हाताखाली एक कारागीर आणि एक शिकाऊ पोरगं.

रब्बीत कामाची नुसती झुंबड उडते. व्होल्टेज खाली-वर झालं की मोटारी जळतात आणि हळदीचं पाणी तुटलेला शेतकरी "आजच द्या" म्हणून दुकानातच बसतो. त्याचंही चूक नाही. पण वाइंडिंग घाईचं काम नव्हे. कॉइल गुंडाळताना वेढे मोजावे लागतात. मधेच फोन वाजला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. वार्निश वाळायला लागतो तो वेळ वेगळाच, तिथं कुणाची ओळख चालत नाही.

उधारीची वसुली, नांदेडहून माल आणणं, जीएसटीची बिलं, सगळं रात्रीवर ढकललं जातं. दर महिन्याला जीएसटी रिटर्नची ११ आणि २० तारीख आली की धावपळ. ५ कोटींपर्यंत उलाढाल असली तर तिमाही रिटर्न भरता येतं, फक्त तिमाहीतल्या पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत चलनानं भरायचा. कुणी तसं केलंय का? खरंच वेळ वाचतो का?

दुसरं, सकाळी फक्त वाइंडिंग आणि गिऱ्हाईक दुपारनंतर, असं सीझनमध्ये कुणाला जमलंय का? लोक तुटतात की सवय होते? ॲप सुचवू नका, हात कायम तेल-वार्निशनं भरलेले असतात.