प्रार्थना म्हणजे मागणंच, मग त्यात कमीपणा कसला?

पंचवटीकर
दोन महिन्यांपूर्वी आईची बायपास झाली. आदल्या रात्री अकराच्या सुमारास मी रामकुंडावर गेलो, पायरीवर बसलो आणि म्हणालो, "तिला घरी येऊ दे." दुसरं काही सुचलंच नाही. परवा एका व्याख्यानात वक्ते म्हणाले की मागणारी प्रार्थना खालच्या पायरीवरची, खरी प्रार्थना निष्काम असते. ते फार लागलं, म्हणून हा धागा.

शब्दच बघा. प्रार्थनेत 'अर्थ्' हा धातू आहे, म्हणजे मागणे, इच्छिणे. विद्यार्थी म्हणजे विद्या मागणारा, तसंच हे. ऋग्वेदातले ऋषी इंद्राकडे गाई मागतात, मुलं मागतात, शत्रूवर जय मागतात, कसलीही भीड न ठेवता. गायत्री मंत्रसुद्धा 'आमच्या बुद्धीला चालना दे' असं मागतो. आणि पसायदान? 1290 साली ज्ञानेश्वरी पूर्ण झाली आणि ज्ञानदेवांनी शेवटी दानच मागितलं. ज्या गुरूच्या कृपेने ते लिहिलं त्या निवृत्तिनाथांची समाधी आपल्या त्र्यंबकला आहे. पौषातल्या यात्रेला दिंड्या येतात, त्यातला कोण काही न मागता परत जातो?

माणूस आधी हात पसरायला शिकला, तत्त्वज्ञान मागाहून आलं. हे माझं मत आहे. विरोधी मतंही वाचायची आहेत.

सातपूरकर
दादा, आई बऱ्या झाल्या हे वाचून बरं वाटलं. पण त्यांना बरं केलं ते सर्जनने, भूलतज्ज्ञाने आणि रात्रभर जागलेल्या नर्सने.

बायपासचा विषय निघाला म्हणून सांगतो. 2006 साली अमेरिकेत सहा हॉस्पिटलांतल्या 1,802 बायपास रुग्णांवर अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींसाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, काहींसाठी नाही. ज्यांना 'कदाचित केली जाईल' एवढंच सांगितलं होतं, त्यांच्यात केली काय, न केली काय, गुंतागुंत 52 आणि 51 टक्के. आणि 'तुमच्यासाठी नक्की केली जातेय' असं ज्यांना माहीत होतं त्यांच्यात 59 टक्के. म्हणजे फायदा दिसलाच नाही.

माझ्या वडिलांना कावीळ झाली तेव्हा घरच्यांनी पंधरा दिवस अंगारा आणि नवस यात घालवले. डॉक्टरकडे नेलं तेव्हा उशीर झाला होता. मागण्याची सवय लागली की माणूस करायचं ते करत नाही. माझा राग त्याच्यावर आहे, श्रद्धेवर नाही.

पंचवटीकर
वडिलांचं वाचून वाईट वाटलं. तुमचा राग रास्त आहे. पण मी आधी ऑपरेशनच्या संमतिपत्रावर सही केली होती, मग रामकुंडावर गेलो. आणि त्या अभ्यासात प्रार्थना करणारे परके होते, हातात फक्त नाव आणि आडनावाचं पहिलं अक्षर. मी तिचा मुलगा आहे. टक्केवारी वाढावी म्हणून मी तिथे बसलो नव्हतो.

त्रिरश्मी
तुम्ही रामकुंडाच्या पायरीवर सहज बसलात. 2 मार्च 1930 ला तिथून हाकेच्या अंतरावर, काळाराम मंदिराच्या दारात, बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाडांच्या मागे हजारो माणसं उभी होती आणि दार बंद होतं. सत्याग्रह काही वर्षं चालला. आमच्या पणजोबांना तिथे प्रार्थना करायचीच बंदी होती. मग 13 ऑक्टोबर 1935 ला, आपल्याच जिल्ह्यात येवल्याला, बाबासाहेबांनी सांगितलं की हिंदू म्हणून मरणार नाही. 'माणूस आधी हात पसरायला शिकला' हे लिहिताना कोणाचे हात कोणी झिडकारले तेही लिहायला हवं.

दुसरं, आम्ही वंदना करतो. "बुद्धं सरणं गच्छामि" यात मागणं कुठे आहे? बुद्ध काही देणार नाहीत हे म्हणणाऱ्याला ठाऊक असतं. पंचशील घेतो तेव्हा मी स्वतः शब्द देतो की हिंसा करणार नाही, चोरी करणार नाही. दर रविवारी मुलीला घेऊन त्रिरश्मी लेण्यांवर जातो. पायऱ्या चढताना ती दमते, मग व्हरांड्यात बसून आम्ही कोरलेली ब्राह्मी अक्षरं बघतो. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात, त्याच्या लेखात काय आहे? तीन लाख गाई दिल्या, लेणं खोदवून दिलं. तुमचे ऋषी गाई मागतात, इथे दगडावर दिलेल्या गाई नोंदवल्यात. म्हणून सगळ्या प्रार्थनेचं मूळ मागणंच, हे मला मान्य नाही.

पंचवटीकर
काळारामचं मी लिहायला हवं होतं. लहानपणापासून त्या दारातून आत जातोय आणि धागा लिहिताना ते आठवलं नाही, ही माझी चूक. वंदनेचा मुद्दाही पटला. 'मागणंच'मधला 'च' मी मागे घेतो.

जुनं नाशिक
आमच्याकडे या दोन गोष्टींना शब्दच दोन आहेत. नमाज ठरलेली, पाच वेळची, अरबीत. ती फर्ज आहे, म्हणजे कर्तव्य, मागण्यासाठी नाही. ती झाली की दोन्ही तळवे उघडून दुआ, आणि ती आपल्या भाषेत. माझी अम्मी दुआत शेजारच्या काकूंच्या गुडघ्यांचंही नाव घेते. गंमत म्हणजे 'नमाज' हा शब्द फारसी आहे आणि तो संस्कृत 'नमस्'चा सख्खा नातेवाईक. म्हणजे त्याच्या मुळाशी वाकणं आहे. पंचवटीकर आणि त्रिरश्मी दोघंही बरोबर आहेत, फक्त एकाच शब्दात दोन्ही कोंबू नका.

निफाडची बाग
तुम्ही सगळे शहरातून बोलताय. मार्चमध्ये माल काढणीला आलेला असतो आणि आभाळ काळं होतं, तेव्हा या, मग मूळ काय ते कळेल. मूळ भीती आहे.

माझी आजी गार सुरू झाली की दारातून कोयता अंगणात फेकायची. पातं वर करून. आणि ओरडायची, "थांब!" त्यात विनंती नव्हती, हुकूम होता. फ्रेझर नावाच्या स्कॉटिश अभ्यासकाने 'द गोल्डन बाऊ' या ग्रंथात हेच मांडलंय की माणूस आधी जादूने निसर्गाला हुकूम सोडत होता, ते चालत नाही हे कळल्यावर देवापुढे हात जोडायला लागला. म्हणजे हरल्यावर प्रार्थना आली.

पंचवटीकर
भाऊ, कोयता फेकून झाल्यावर आजी काय करायच्या?

निफाडची बाग
देव्हाऱ्यासमोर बसायची. पदर डोक्यावर घेऊन, गार थांबेपर्यंत. पत्र्यावर इतका आवाज असायचा की ती काय म्हणतेय ते ऐकू यायचं नाही, नुसते ओठ हलताना दिसायचे.

तुमचा रोख कळला. एकाच रात्री दोन्ही करायची, आधी एक आणि मग हजार वर्षांनी दुसरं असं नाही. फ्रेझरसाहेबांची पायरी-पायरी आमच्या घरात बसत नाही हे खरं. पण भीती होतीच.

भाषेची शिक्षिका
एक भर घालते. इंग्रजीतल्या 'प्रेयर'चं लॅटिन मूळही 'मागणे, विनवणे' असंच आहे. आणि त्याच प्राचीन धातूपासून आपल्याकडे 'प्रश्न' आणि 'पृच्छा' आले. तिकडे प्रार्थना झाली, इकडे प्रश्न झाला, मूळ एकच. वर्गात हे सांगितलं की मुलं थोडा वेळ गप्प होतात. त्रिरश्मींनी विचारलेला 'कोणाचे हात झिडकारले' हा प्रश्न मी त्याच जातीचा मानते.

सातपूरकर
ताई, हे माहीत नव्हतं. तरी माझं मत बदललेलं नाही. विचारायचं तर ज्याच्याकडून उत्तर येतं त्याला विचारावं. निफाडच्या भावांनी विमा उतरवावा, बागेवर प्लॅस्टिक घालावं.

वडील शेवटच्या रात्री "देवा" म्हणत होते. मी त्यांचा हात धरून होतो आणि त्यांना थांबवलं नाही. ते मागत होते की नुसतं नाव घेत होते, अजून सांगता येत नाही.

पंचवटीकर, आईंच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या वेळेवर चालू आहेत ना?

पंचवटीकर
आहेत. सकाळी नाश्त्यानंतर मीच देतो. परवा तपासणी आहे.