कविसंमेलनात तीस कवी हवेत, की एकाच कवीला अर्धा तास?

कवितावेडा
वाचनालयाचा वर्धापनदिन असो की २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, स्थानिक कविसंमेलनाचा साचा एकच. यादीत वीस-तीस नावं, प्रत्येकी एक कविता. मधल्या वेळात सूत्रसंचालकाच्या चारोळ्या. बाहेरून आलेल्या पाहुण्या कवीला मात्र निवांत अर्धा तास आणि वर मानधनाचं पाकीट. गावातल्या कवीला "वेळ कमी आहे, छोटीशीच घ्या."

माझं मत स्पष्ट आहे. एका कार्यक्रमात एकच स्थानिक कवी घ्या आणि त्याला सलग अर्धा तास द्या. एका कवितेत कवी कळत नाही. पहिली कविता त्याच्या आवाजाची, लयीची सवय होण्यातच जाते. दुसऱ्या-तिसऱ्या कवितेपासून हा माणूस जगाकडे कसा बघतो ते दिसायला लागतं. शिवाय एकच कविता मिळणार म्हटल्यावर कवी हमखास टाळ्यांची कविता काढतो, आईवरची नाहीतर विडंबन. मुक्तछंदातली, थांबत थांबत वाचायची कविता वहीतच राहते.

विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर यांनी मिळून गावोगाव काव्यवाचन केलं. तिघंच होते, म्हणून प्रत्येकाची तऱ्हा लोकांच्या कानात बसली.

नवी वही
दादा, "एकच कवी घ्या" म्हणणं सोपं आहे. निवडणार कोण? समितीतले नेहमीचे चारजण, आणि ते त्यांच्याच बैठकीतल्या कोणाला तरी निवडणार. संध्याकाळी घरचं सगळं आवरून धावत येणाऱ्या बाईचं नाव त्या अर्ध्या तासासाठी कधी पुढे येईल, सांगा.

मला पहिल्यांदा माइक मिळाला तो अशाच लांबलचक यादीत. कागदावर नीट वाटणारी ओळ मोठ्याने म्हणताना कुठे अडते, ते तिथे कळलं. श्वास पुरेना ती ओळ घरी येऊन मोडली. साहित्य संमेलनात कविकट्ट्यावर एवढी गर्दी का होते? कारण अनेकांना दुसरा मंचच नाही. तोच तुम्ही काढून घ्यायला निघालात.

आयोजनातला एक
सभागृह भरतं कसं तेही बघा. तीस कवी असले की तीस घरची माणसं येतात. एकाच स्थानिक कवीचं नाव पत्रिकेवर टाकलं तर खुर्च्या मोजून मांडाव्या लागतील.

आणि तुमचं तिघांचं उदाहरण इथे लागू पडत नाही. त्यांची नावं आधीच घराघरांत पोचली होती. अनोळखी कवीचा अर्धा तास लोक का ऐकतील?

मागच्या रांगेतून
भरतं म्हणता, पण टिकतं का? आपली कविता झाली की कवी कुटुंबासकट उठतो. विसाव्या कवीसमोर कोण उरतं? ज्यांची पाळी यायची आहे ते, आणि तेही मनात आपलीच कविता घोळवत बसलेले. ऐकायलाच आलेल्या माणसाचा हा अपमान आहे, असं मी मनापासून म्हणतो.

रविकिरण मंडळाकडे बघा. १९२३ मध्ये पुण्यात उभं राहिलेलं हे मंडळ मुळात एकमेकांना कविता ऐकवणाऱ्या मित्रांचं. तिथे घासूनपुसून झालेली कविता मग लोकांसमोर गेली आणि काव्यगायनाची लाट आली. नवोदितांसाठी अशी छोटी बैठक हवी. तिथे कविता म्हटल्यावर कोणीतरी सांगतं की तिसरं कडवं काढून टाक. कविसंमेलनात फक्त "वा वा" मिळते.

नवी वही
बैठकीत तरी बोलावतं कोण? तिथेही ओळखच लागते. बहिणाबाई चौधरींच्या ओव्या सोपानदेवांच्या धडपडीने जगासमोर आल्या, आणि पुस्तक निघालं ते १९५२ साली, त्या गेल्यानंतर. घरात कवी मुलगा नसता तर? दार अरुंद केलंत की पहिल्यांदा अशीच माणसं बाहेर राहतात.

कवितावेडा
ताई, निवडीबद्दलचा तुमचा राग रास्त आहे. त्यावर उपाय आहे. कविता मागवताना नाव वेगळ्या कागदावर घ्यावं, वाचणाऱ्यांना फक्त कविता द्याव्यात, आणि एकदा वाचलेल्या कवीला वर्षभर पुन्हा घेऊ नये. पाहुण्याला देतो तसंच मानधन स्थानिक कवीलाही द्यावं. गुलाबाच्या फुलावर बोळवण पुरे झाली. मात्र अर्ध्या तासाचा आग्रह मी सोडणार नाही. गर्दी कमी झाली तरी चालेल.

आयोजनातला एक
नाव झाकून निवड करणं जमण्यासारखं आहे, समितीपुढे मांडतो. मानधनाला विरोध होईल, तरी मांडतो. गर्दीचं मात्र तुम्हाला चालेल, देणगीदाराला चालत नाही.

नवी वही
नाव झाकणार असाल तर माझ्या कविता पाठवीन. पण खुला माइक बंद करायला माझा विरोध कायम आहे. अर्धा तास त्याच्या जोडीला द्या, त्याच्या जागी नको.