उत्तर: सैतानाला नक्की हवंय काय?
बरेच जण म्हणतात की सैतान पैसा, मजा देतो आणि बदल्यात आत्मा घेतो, सरळ डील. मला नाही पटत. बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकाचे (ईयोब म्हणजे देवाचा एक सच्चा, श्रीमंत भक्त) पहिले 2 अध्याय बघा, तिथे तो ईयोबाला काहीच ऑफर करत नाही, उलट देवालाच विचारतो की हा काय फुकट तुझी भक्ती करतो का, दिलेलं काढून घे मग बघ तोंडावर कसा बोलतो ते. म्हणजे त्याला ना गुरंढोरं हवीत ना ईयोब, त्याला फक्त दाखवून द्यायचंय की माणूस देवाला धरून राहतो ते फायद्यापुरतंच. अन् मुलं गेली, अंगभर फोड उठले तरी ईयोब देवाशी भांडभांड भांडतो पण सोडत नाही. बायबलमधल्याच मत्तयाच्या पुस्तकात, 4थ्या अध्यायात, सैतानाने येशूला सगळी राज्यं दाखवली तीही पाया पडून घ्यायलाच (आणि तिथे हा पठ्ठ्या चक्क बायबलचंच स्तोत्र 91 म्हणून दाखवतो!).